एअर डेक्कनचं पंख्याचं विमान, मग आलेली एअरबस, आणि विमान नकाशावर आलेली गावं

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

गेल्या रविवारी आईचं कपाट आवरताना घडी घातलेला एक कागद सापडला. साध्या प्रिंटरवर काढलेला, शाई फिकी पडलेली. मुंबई ते बंगळुरू, २००५, एअर डेक्कन. त्यावर सीट नंबर नाही, कारण तेव्हा त्यांच्या विमानात जो आधी चढेल तो हवी ती जागा घेई. कागदाच्या पाठीमागे बाबांच्या अक्षरात पेन्सिलीनं हिशेब आहे. रेल्वेचं थर्ड एसीचं भाडं, वाटेतलं जेवण, चहा. शेजारी विमानाचं तिकीट. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच, आणि विमानाच्या आकड्याखाली दोन रेघा मारलेल्या. आमच्या घरातला तो पहिला विमानप्रवास. बाबा आता नाहीत, म्हणून कागद परत कपाटात ठेवण्याआधी हा धागा काढावासा वाटला.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. कॅप्टन गोपीनाथ हे कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या गोरूरचे. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत शिकले, १९७१ च्या युद्धात होते, मग सैन्य सोडून गावी रेशमाची शेती केली. नव्वदच्या दशकात हेलिकॉप्टर भाड्यानं देणारी कंपनी काढली आणि त्यातून २००३ मध्ये एअर डेक्कन उभी राहिली. २५ ऑगस्ट २००३ रोजी बंगळुरू–हुबळी मार्गावर पहिली फेरी झाली. विमान होतं एटीआर-४२, दोन पंख्यांचं, ४८ आसनांचं. दिल्ली-मुंबई सोडून त्यांनी हुबळी निवडली, हे मला आजही फार मोठं वाटतं.

पुढे हैदराबाद–विजयवाडा मार्गाच्या उद्घाटनाला उड्डाणाच्या आधीच इंजिनानं पेट घेतला. आत व्यंकय्या नायडूंसारखे नेते बसलेले. कुणाला इजा झाली नाही, पण सगळ्या देशानं ते पाहिलं. नवी कंपनी तिथेच संपली असती. ती संपली नाही, कारण लोकांना स्वस्त तिकीट आणि जवळचं विमानतळ, दोन्ही हवं होतं.

२००४ मध्ये त्यांच्याकडे एअरबस ए-३२० आली. १८० आसनं, एकच वर्ग, बंगळुरू-दिल्लीसारखे लांबचे मार्ग. कंपनी झपाट्यानं वाढली ती तेव्हापासून. शिखरावर असताना साठहून जास्त शहरं आणि चाळीसहून जास्त विमानं होती. लोक आठवण काढतात ती एअरबसची, एक रुपयाच्या तिकिटाची, कंपनीच्या जाहिरातींतल्या आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनची. माझं म्हणणं असं, की जेटनं सीटा वाढवल्या, पण गावं जोडली ती पंख्याच्या विमानानं. आणि जेव्हा कंपन्यांचं सगळं लक्ष जेटकडे गेलं, तेव्हा छोटी गावं पुन्हा मागे पडली. तुमचे अनुभव लिहा. वेगळं मत असेल तर तेही मोकळेपणी लिहा.

हँगरमधला

विमान दुरुस्तीत तीस वर्षं काढली, त्यात बरीच एटीआरवर. धागाकर्त्यांचं म्हणणं मला पटतं, त्याची तांत्रिक बाजू सांगतो.

छोट्या विमानतळावर काय नसतं याची यादी केली की एटीआर का, ते कळतं. शिडीची गाडी नसते. एटीआरच्या मागच्या दाराला स्वतःच्याच पायऱ्या असतात, दार उघडलं की जिना तयार. प्रवासी मागून चढतात, सामान पुढच्या दारातून. जमिनीवरून वीज देणारी गाडी नसते. जेट विमानांच्या शेपटीत वीज आणि हवा पुरवणारं छोटं वेगळं इंजिन असतं, एटीआरला ते नाही. त्याऐवजी उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवतात आणि इंजिन आतून चालू ठेवतात. आम्ही त्याला ‘हॉटेल मोड’ म्हणतो. दिवे, एसी सगळं त्यावर चालतं. विमानतळावर पोलीस, अग्निशमन आणि धावपट्टी एवढं असलं तरी काम भागतं.

४८ आसनं हाही योगायोग नाही. नियम असा की दर ५० आसनांमागे एक हवाई सेवक लागतो. ४८ ला एक पुरतो, ५१ ला दोन लागतात. शिवाय ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानाला लँडिंगचं शुल्क माफ होतं, आणि छोट्या विमानांच्या इंधनावर विक्रीकर ४ टक्के. मोठ्या जेटच्या इंधनावर मुंबई-पुण्यात बरीच वर्षं २५ टक्के होता. ए-३२० तासाला साधारण अडीच टन इंधन जाळते. आता करातला हा फरक गुणून बघा.

तेव्हा छोटं विमान म्हणजे गरिबांचं विमान, असं कुणी समजू नये. पाऊण-एक तासाच्या अंतराला तेच योग्य विमान आहे. जेट वर चढून नीट वेग धरेपर्यंत खाली उतरायची वेळ होते.

बेळगावची_सुधा

हुबळीचं नाव वाचून थांबलेच. आम्ही बेळगावचे, मराठी घर. २००४ साली माझे यजमान बंगळुरूला नोकरीला आणि मी सासूबाईंबरोबर इकडे. बंगळुरूला जायचं म्हणजे रात्रीची बस नाहीतर राणी चन्नम्मा एक्सप्रेस, सकाळी उतरून थेट ऑफिस. सासूबाईंना एका रात्री अर्धांगाचा झटका आला. यजमान दुसऱ्या दिवशी हुबळीला विमानानं उतरले, तिथून गाडीनं दोन तासांत दवाखान्यात हजर. सासूबाईंची वाचा गेली होती, पण त्यांनी मुलाला ओळखलं, त्याचा हात धरला. संध्याकाळी त्या गेल्या.

बसनं आले असते तरी कदाचित पोचले असते, मी तसा दावा करत नाही. पण तेव्हापासून हुबळीच्या त्या विमानाबद्दल मला कुणी वेडंवाकडं बोललेलं चालत नाही.

हुबळीची धावपट्टी तेव्हा आखूड होती, जेट उतरणं शक्यच नव्हतं. आता लांब केली आहे, नवी इमारत झाली आहे, जेट येतं. पण सुरुवात त्या ४८ सीटच्या विमानानं केली, हे धागाकर्त्यांचं म्हणणं अगदी खरं.

वऱ्हाडातून

धागा उत्तम, पण मला अर्धाच पटला.

आमच्या नागपूरला धावपट्टीची अडचण कधीच नव्हती. मोठं विमानतळ, देशाच्या मधोमध. अडचण होती ती भाड्याची. २००० च्या सुमारास पुण्याला शिकायला असलेली आमच्याकडची पोरं दिवाळीला ट्रेननं यायची. पंधरा-सोळा तास, आणि आरक्षण मिळालं तर. विमान होतं, पण ते ज्यांच्या तिकिटाचे पैसे ऑफिस भरतं अशांसाठी. आमच्यासाठी विमान आलं ते १८० सीटच्या जेटनं. एवढ्या सीटा रोज भरायच्या म्हटल्यावर कंपनीला भाडं उतरवावंच लागलं. ४८ सीटच्या विमानात चार सीटा स्वस्त विकतात आणि बाकीच्या महाग, असा माझा अनुभव आहे. एका सीटमागचा खर्च काढला तर लांबच्या अंतरावर मोठं जेटच जिंकतं.

म्हणून छोट्या गावांसाठी पंखा आणि मध्यम शहरांसाठी जेट, असं म्हणा. नागपूर, औरंगाबाद, इंदूर, रायपूर ही शहरं जेटमुळेच पुढे आली. त्यांना ‘सीटा वाढल्या’ एवढ्या एका वाक्यात संपवू नका.

कृष्णाकाठ

वऱ्हाडातून, तुमचा मुद्दा मान्य. मी सातारा-कोल्हापूरकडचा असल्यामुळे मला धावपट्टीची अडचण आधी दिसते, तुम्हाला भाड्याची. मध्यम शहरं माझ्या मांडणीतून सुटलीच होती.

पण एक गोष्ट नोंदवतो. एअर डेक्कनकडे एटीआर-४२, एटीआर-७२ आणि ए-३२० अशी तीन प्रकारची विमानं होती. प्रत्येकाचे वैमानिक वेगळे, सुटे भाग वेगळे, इंजिनिअरांचे परवाने वेगळे. कंपनी दर महिन्याला नवी शहरं जोडत होती आणि तोटाही वाढत होता. २००५-०६ मध्ये देशात वैमानिकच मिळेनात, परदेशातून आणावे लागले. २००७ मध्ये किंगफिशर चालवणाऱ्या विजय मल्ल्यांच्या गटानं २६ टक्के हिस्सा घेतला, आणि पुढे दोन्ही कंपन्या एक झाल्या. तेव्हा नियम होता की देशात पाच वर्षं सेवा दिलेल्या कंपनीलाच परदेशी उड्डाण करता येईल. डेक्कनची पाच वर्षं ऑगस्ट २००८ मध्ये भरली आणि सप्टेंबरमध्ये किंगफिशरचं विमान बंगळुरूहून लंडनला निघालं. हुबळीपासून सुरू झालेला परवाना लंडनला जायच्या कामी आला. ज्या कंपनीनं गावं जोडली तिचं नावसुद्धा उरलं नाही, हे मला मनापासून लागतं.

तिकीट_खिडकी

नाशिकला वडिलांची ट्रॅव्हल एजन्सी, आता मी चालवतो. त्या काळात मी नुकताच दुकानात बसायला लागलो होतो.

एअर डेक्कन आल्यावर आमच्या धंद्याची घडीच बदलली. तोवर तिकीट म्हणजे लाल कार्बनची पावती पुस्तिका, ती जपून ठेवायची, हरवली तर डुप्लिकेटसाठी खेटे. यांचं तिकीट म्हणजे एक नंबर. इंटरनेटवर, फोनवर, पुढे तर पेट्रोल पंपांवरही बुकिंग. लोक माझ्याकडे यायचे ते क्रेडिट कार्ड नव्हतं म्हणून. रोख पैसे माझ्या हातात, बुकिंग माझ्या कार्डावर.

एक रुपयाच्या तिकिटाबद्दल बरेच गैरसमज आहेत. मूळ भाडं एक रुपया, त्यावर कर आणि शुल्क, म्हणजे हातात पडेपर्यंत काही शे रुपये. शिवाय अशा सीटा मोजक्या आणि त्या आगाऊ घ्याव्या लागत. पण त्या जाहिरातीनं एक काम मात्र केलं. विमानाचं भाडं विचारायला लाजणारा माणूस दुकानात शिरून विचारायला लागला. ओझरचा एक द्राक्ष बागायतदार चप्पल बाहेर काढून आत आला होता. त्याला खुर्चीवर बसवून मी दिल्लीची तारीख काढली. त्यानं आणि त्याच्या बायकोनं पहिल्यांदा विमान पाहिलं ते आतूनच. आजही बागेचा पहिला क्रेट तो आमच्या घरी पाठवतो.

ओझरवरून आठवलं, नाशिकचं विमानतळ तिथेच. २३ डिसेंबर २०१७ ला छोटी शहरं जोडायच्या सरकारी उडान योजनेत नाशिक आणि जळगावहून मुंबईचं विमान सुरू झालं, आणि कंपनीचं नाव पुन्हा एअर डेक्कन! विमान मात्र बीचक्राफ्ट, १९ आसनांपेक्षा मोठं नाही. खरी अडचण मुंबईत होती. मुंबईच्या धावपट्टीवर सोयीची वेळच मिळेना. सकाळी जाऊन काम आटोपून संध्याकाळी परत यायचं, ते जमेना. सकाळी ग्राहक विचारायला यायचा आणि मला ‘उद्याचं नक्की सांगता येत नाही’ म्हणावं लागायचं. २०२० च्या टाळेबंदीत तेही बंद पडलं.

इंफाळ_ते_इस्लामपूर

बँकेच्या नोकरीत ईशान्येत साडेतीन वर्षं होतो, म्हणून इंडिगोबद्दल लिहितो. तेही या विषयातलंच आहे.

इंडिगोनं जून २००५ मध्ये पॅरिसच्या एअर शोमध्ये एकदम १०० एअरबस मागवल्या. तेव्हा कंपनीकडे एकही विमान नव्हतं. पहिलं विमान आलं जुलै २००६ च्या शेवटी आणि ४ ऑगस्टला पहिली फेरी निघाली दिल्ली–गुवाहाटी–इंफाळ. पहिलीच फेरी मणिपूरला कशी, असं लोकांना वाटतं. १९९४ पासून सरकारचा नियम आहे की मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या मार्गांवर जितकी क्षमता वापराल, तिच्या निदान १० टक्के ईशान्य, जम्मू-काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप या भागांना द्यायची. मोठे मार्ग हवे असतील तर हे मार्ग घ्यावेच लागतात. मला वाटतं त्या निवडीमागे हा नियम होता. पण कारण काही असो, आमच्यासाठी ते विमान होतं.

इंफाळला जाणारा रस्ता कधी दरड कोसळून, कधी बंदमुळे आठवडाआठवडा अडलेला असे. गॅस सिलिंडर, औषधं सगळं महाग. आमच्या शाखेतला एक मैतेई सहकारी आपल्या मुलीला पुण्यात नर्सिंगला घालू शकला, कारण वर्षातून दोनदा तिला घरी आणणं त्याला परवडलं. मुलगी सुट्टीत आली की त्याच्या घरी मला जेवायला बोलावणं असे. ती माझ्याशी पुण्याच्या मराठीत बोलायची आणि तिच्या आईचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

इथे मात्र पंख्याचं विमान नव्हतं, जेटच होतं. तेव्हा वऱ्हाडातून यांच्या बाजूनं माझंही एक मत.

हँगरमधला

इंडिगोचा मुद्दा चांगला आला. त्यांनी २००६ ते २०१७ अशी अकरा वर्षं ए-३२० च्या एकाच कुटुंबातली विमानं ठेवली. कुठलाही वैमानिक कुठल्याही विमानावर, कुठलाही सुटा भाग कुठल्याही शहरात. विमान उतरल्यावर अर्ध्या तासाच्या आत परत आकाशात. त्या अर्ध्या तासात काय काय होतं ते बाहेरून कळत नाही. सामान काढणं-भरणं, इंधन, साफसफाई, चाकं आणि इंजिनाची पाहणी, लॉगबुकवर सही. मी टॉर्च घेऊन इंजिनाच्या तोंडात डोकं घालून पात्यांची कड बोटानं तपासायचो. पक्षी लागल्याची खूण असेल तर बोटाला आधी कळते, डोळ्यांना नंतर.

स्पाइसजेटनं मे २००५ मध्ये बोइंग ७३७-८०० घेऊन सुरुवात केली. ९९ रुपयांची तिकिटं, विमानांना मसाल्यांची नावं. तीच कंपनी आधी मोदीलुफ्त होती. गोएअर नोव्हेंबर २००५ मध्ये मुंबई–अहमदाबादला ए-३२० नं सुरू झाली, मे २०२३ मध्ये थांबली. दोघांचीही सुरुवात एकाच प्रकारच्या जेटनं. इंडिगोनं एटीआर घेतली ती २०१७ च्या डिसेंबरात, पाया भक्कम झाल्यावर. डेक्कननं पायाही घातला आणि मजलेही त्याच वेळी चढवले. सहकाऱ्यांना तिथे दिवसरात्र राबताना मी पाहिलं आहे. माणसं कमी पडली नाहीत, पैसा कमी पडला.

पंचगंगा

कोल्हापूरचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

आमचं विमानतळ १९३९ सालचं, राजाराम महाराजांच्या वेळचं. धावपट्टी १,३७० मीटर. एटीआरला पुरे, एअरबसला नाही. म्हणजे एटीआर असलेली कंपनी असेल तर कोल्हापूर नकाशावर, नाहीतर गायब. मधली बरीच वर्षं विमानच नव्हतं. गवत वाढलेलं, गेटवर एक वॉचमन. २०१८ मध्ये उडान योजनेत परत सुरू झालं, आधी डेक्कनचं छोटं विमान, मग हैदराबाद-बंगळुरूची एटीआर. पुढे धावपट्टी वाढवली.

नांदेडकरांना आठवत असेल, २७ एप्रिल २०१७ ला उडानच्या अगदी पहिल्या फेऱ्यांमध्ये नांदेड–हैदराबाद होती. तीही एटीआर. म्हणजे २००३ ला जे हुबळीत झालं, तेच चौदा वर्षांनी सरकारच्या अनुदानानं पुन्हा करावं लागलं. मधली वर्षं फुकट गेली, हे धागाकर्त्यांचं दुःख माझंही आहे. एमआयडीसीत आमचा फाउंड्रीचा व्यवसाय आहे. बाहेरचा ग्राहक पहिला प्रश्न विचारतो, ‘जवळचं एअरपोर्ट कोणतं?’ त्याला गोवा नाहीतर पुणे सांगायची लाज वाटायची.

मीरा_ठाणे

सगळं छान लिहिलंय, पण प्रवाशांनी काय सोसलं तेही या धाग्यात यायला हवं. २००६ च्या जूनमध्ये एका स्वस्त कंपनीच्या विमानानं (नाव मुद्दाम घेत नाही) आम्ही गोव्याहून निघालो होतो. बरोबर चार वर्षांची मुलगी. पाऊस, मग ‘विमान अजून आलं नाही’, मग काहीच नाही. सात तास. पाणी विकत, काउंटरवर एकच मुलगी आणि तिच्यासमोर दीडशे माणसं. तिला स्वतःलाही काही माहीत नव्हतं. रात्री अकराला फेरी रद्द झाली आणि हॉटेल आपलं आपण शोधा म्हणाले.

स्वस्त तिकिटात जेवण नको, हे मान्य. पण वेळेवर खरं सांगायला पैसे लागत नाहीत. एक विमान दिवसभरात सहा फेऱ्या करणार, जादा विमान नाही, म्हणजे सकाळची एक फेरी अडली की रात्रीपर्यंतचे सगळे अडतात. कमी भाड्याची किंमत त्या दिवशी आम्ही भरली.

हँगरमधला

मीराताई, तुमचं सगळं बरोबर आहे. जादा विमान उभं ठेवणं म्हणजे रोज मोठा तोटा, म्हणून कुणी ठेवत नाही. पण माहिती दडवण्याचं समर्थन मी नोकरीत असतानाही केलं नाही, आजही करणार नाही. पुढे सरकारनं उशीर आणि रद्द फेऱ्यांसाठी जेवण, राहणं, पैसे परत याचे नियम केले ते अशाच अनुभवांमुळे. लहान मुलीला घेऊन त्या रात्री तुम्ही कशा राहिलात, या विचारानं वाईट वाटलं.

बेळगावची_सुधा

कृष्णाकाठ, त्या कागदाचं पुढे सांगितलं नाहीत. सीट नंबर नव्हते, मग खिडकी कुणाला मिळाली?

कृष्णाकाठ

सुधाताई, मलाही माहीत नव्हतं, म्हणून काल आईलाच विचारलं. तिला सगळं लख्ख आठवतंय. दार उघडल्यावर लोक एसटीत शिरावं तसे आत शिरले. बाबांनी खिशातला रुमाल काढून पुढच्या सीटवर टाकला आणि जागा धरली. तो रुमाल हवाई सुंदरीनं घडी घालून त्यांच्या हातात परत दिला, म्हणाली, ‘सर, सगळ्यांना जागा आहे.’ खिडकीशी आईला बसवलं.

सकाळचं विमान होतं. आई सांगत होती, घाट ओलांडताना खाली रुळावर एक आगगाडी दिसली, काडेपेटीएवढी. बाबा तिच्या खांद्यावरून वाकून बराच वेळ बघत राहिले, आणि मग म्हणाले, ‘उद्यान एक्सप्रेस असेल. उद्या सकाळी पोचेल ती.’